दिवेलागणीची रिंग

पुण्यातल्या प्रतिजाल भवनात पाहुणे आले, की डॉ. केतकी संकपाळ त्यांना आधी दुधाचं उदाहरण द्यायची.

“तुमच्याकडे रोज दूधवाला येतो ना? त्याला तुम्ही रोज सांगता का, उद्या एक लिटर आण म्हणून? नाही सांगत. तो आपला आणतो. ज्या दिवशी नको असेल, किंवा घरी माणसं जास्त असतील, त्याच दिवशी तुम्ही सांगता. म्हणजे रोजचं सांगावं लागतच नाही. वेगळं असेल तेवढंच सांगायचं. आमचं सगळं जाळं या एका गोष्टीवर चालतं.”

पाहुणे माना डोलवायचे. आमदार असोत, शाळेची पोरं असोत, नाहीतर परदेशातली मंडळी असोत, दुधाचं उदाहरण कळलं नाही असा पाहुणा केतकीला भेटला नव्हता. ते कळल्यावर पुढचं काही विचारणाराही भेटला नव्हता.

पुढचं असं होतं. बिनतारी संदेश ज्या लहरींवरून जातात, त्या लहरींचा पट्टा मोजका आहे. माणसाला हवा म्हणून तो रुंद होत नाही. आधी गाड्या एकमेकींशी बोलू लागल्या, मग शेतातले पंप बोलू लागले, मग रस्त्यावरचे दिवे, दवाखान्यातल्या खाटा आणि घरातले कुकरसुद्धा. यंत्रांच्या या बडबडीनं हवा इतकी भरून गेली, की माणसाचा साधा फोन लागेनासा झाला. गणपतीच्या दिवसांत पुण्यातल्या पुण्यात फोन लावायला अर्धा अर्धा तास मोडायचा. नवे टॉवर उभारून भागेना. तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं, की संदेश वाहून नेण्यापेक्षा तो आधीच ओळखणं स्वस्त पडेल.

ओळखण्याची विद्या तयारच होती. संगणकांचं कुठलंही जाळं उभारण्याआधी इंजिनिअर ते संगणकाच्या पोटात उभारून बघत. खोटी केंद्रं, खोट्या तारा आणि त्यांतून धावणारे खोटे संदेश. कुठे गर्दी होते, कुठला संदेश वाटेत गळतो, एखादं केंद्र बंद पडलं तर बाकीच्यांचे काय हाल होतात, हे सगळं खऱ्या तारेला हात न लावता कळायचं. याला सिम्युलेशन म्हणत. पूर्वी जाळं उभं राहिलं, की सिम्युलेशनचं काम संपायचं. प्रतिजाल हे असं सिम्युलेशन होतं, की जे कधी बंदच होत नव्हतं. खऱ्या जाळ्याच्या शेजारी ते क्षणाला क्षण धरून चालायचं, आणि त्याची एकेक प्रत प्रत्येक टॉवरमध्ये बसवलेली होती.

आता खोट्या जाळ्यातून खऱ्यासारखे संदेश जायचे, तर ते पाठवणारी माणसंही हवीत. म्हणून प्रत्येक नंबरामागे एक ‘प्रतिग्राहक’ तयार केला होता. प्रतिग्राहक म्हणजे काही माणसाची नक्कल नव्हे. त्याला तुमचा चेहरा, आवाज, मन यांतलं काही ठाऊक नसे. हा नंबर कुणाला, कधी आणि किती वेळ फोन लावतो, एवढंच त्याला ठाऊक असे. साताऱ्याच्या टॉवरमधलं प्रतिजाल आणि पुण्याच्या टॉवरमधलं प्रतिजाल अगदी एकसारखं, त्यामुळे साताऱ्याहून आता काय येणार हे पुण्याला आधीच माहीत. खरोखर तेच आलं, तर साताऱ्यानं काही पाठवायचंच नाही. पुण्यानं तो संदेश आपला आपण तयार करून ग्राहकाला द्यायचा. वेगळं काही असलं, तर तेवढा ‘फरक’ धाडायचा. मीटरचे आकडे, ‘पोचलो’, ‘जेवलो’, ‘शुभ सकाळ’ हे सगळं असं जागच्या जागी तयार होऊ लागलं. वाढदिवसाच्या शुभेच्छा तर बहुतेक ज्याचा वाढदिवस त्याच्याच गल्लीत जन्माला येत. लोकांना हे ठाऊक होतं. आधी त्यांनी थट्टा केली, मग फोन झटपट लागू लागल्यावर थट्टाही सोडून दिली.

घोडं अडलं ते मिस कॉलपाशी.

मिस कॉल ही आपली खास चीज. फोन लावायचा, दोनदा वाजू द्यायचा आणि समोरच्यानं उचलायच्या आत तोडायचा. फोनला पैसे पडत त्या काळात ही युक्ती निघाली. पुढे फोन फुकट झाले, पण मिस कॉल काही गेला नाही. पोचलो, खाली ये, दार उघड, मी बरा आहे, सगळं त्या दोन रिंगांत. गावाकडची म्हातारी माणसं दिवेलागणीला मुलांना रिंग दिल्याशिवाय ताटावर बसत नसत. आणि या रिंगा वेळेच्या मुळीच पक्क्या नसत. रोज यायच्या खऱ्या, पण कधी सातला, कधी सव्वासातला, कधी दोनदा वाजून, कधी तीनदा. प्रतिजालाचा अंदाज रोज थोडा चुकायचा, रोज फरक पाठवावा लागायचा, आणि अशा रिंगा कोट्यवधी. वाचवलेली सगळी जागा तिथं परत जाऊ लागली.

यावर निर्णय घ्यायच्या बैठकीला बाहेरच्या देशांतले तज्ज्ञ आले होते. त्यांच्यातल्या एका बाईनं विचारलं, की ज्यात लावणाऱ्याला बोलायचं नाही आणि ऐकणाऱ्याला उचलायचं नाही, त्या फोनमध्ये निरोप असतो तरी कसला? खोलीतल्या झाडून सगळ्या मराठी माणसांनी केतकीकडे पाहिलं, कारण मिस कॉलचं काम तिच्याकडे होतं. केतकीला सांगता आलं असतं. ती धरणाच्या जलाशयापलीकडच्या साखरदऱ्याची, खेड्यातली पोर. साताऱ्याच्या वसतिगृहात राहायला आली तेव्हापासून बापाच्या रोजच्या दोन रिंगांवर ती वाढली होती. पण त्या चकचकीत खोलीत तिला त्या सगळ्याची लाज वाटली.

“काही नसतो,” ती म्हणाली. “सवय आहे.”

मग तिनंच नियम लिहिला. ज्या दोन नंबरांमध्ये एरवी रिंगाच चालतात, तिथं पाचव्यांदा वाजायच्या आत तोडलेला फोन पुढे न्यायचाच नाही. लावणाऱ्याच्या कानात तेवढी रिंग वाजू द्यायची, म्हणजे त्याचं समाधान. पाचव्यांदा वाजला तरच तो खरा फोन समजायचा. पलीकडच्या माणसाला त्याची रोजची रिंग प्रतिजाल देईलच, आणि तिचा फरक कधी पाठवायचा नाही. नियम लागू झाला आणि सगळीकडे फोन सुरळीत लागू लागले. तक्रार एकही आली नाही. केतकीला बढती मिळाली.

या गोष्टीला तीन वर्षं झाल्यावर, एका मंगळवारी दुपारी, फाटकावरून निरोप आला, की गावाकडचा माणूस आलाय आणि वर यायला तयार नाही.

केतकी खाली गेली. फाटकाजवळच्या बाकावर अंकुश उतेकर बसला होता. केतकीच्या वडिलांनी, आबांनी, जलाशयातली लाँच उभा जन्म चालवली. अंकुश त्यांच्या हाताखाली शिकला आणि आता तीच लाँच चालवत होता. त्याच्या मांडीवर पिशवी होती. केतकीला बघून तो उठला नाही.

“अरे, वर ये की. चहा घेऊ.”

“चहा नगं. किल्ली द्यायला आलोय.” त्यानं पिशवीतून कुलपाची किल्ली आणि एक जुना फोन काढून बाकावर ठेवला. “घराला कुलूप लावलंय. कोंबड्या आमच्यात नेल्यात. दहावा शनिवारी हाय. दहाव्याला तरी या, येवढंच सांगायचं व्हतं.”

“कुणाचा दहावा?”

अंकुशनं तिच्याकडे नीट पाहिलं. बाई सोंग करते आहे असंच त्याला वाटलं असावं.

“आबांचा.”

केतकी चक्क हसली. “काहीतरी काय बोलतोस, अंकुश. काल संध्याकाळी त्यांची रिंग आलीय मला.”

“काल?”

“रोज येते. दोनदा वाजून तुटली, नेहमीसारखी.”

“ताई, शुक्रवारी अग्नी दिला आबांना,” अंकुश म्हणाला. “फोन तवापासनं ह्या पिशवीत हाय.”

केतकी बाकावर बसली. बाप गेल्याचं कळल्यावर माणसाला रडू यावं. तिला आधी उत्तर सुचलं. काल कुणी रिंग दिली, परवा कुणी दिली, हे तिच्या डोक्यानं क्षणात मांडून दाखवलं, आणि दुःख त्याच्या मागून आलं. याबद्दल तिनं स्वतःला पुढे कधीच माफ केलं नाही.

“काय झालं त्यांना?”

“तुम्हाला म्हाईत न्हाई?”

“अंकुश, काय झालं ते सांग.”

“गेल्या मंगळवारी पोटात कळ आली. जुना हर्निया व्हता न्हवं, तो अडकला, असं मागनं डॉक्टर म्हणला. येक दिस आधी आणलं असतं तर वाचलं असतं, असंबी म्हणला.” अंकुश जमिनीकडे बघत बोलत होता. “मी त्याच वक्ताला म्हणलं, आबा, लाँच सोडतो, पल्याड नेतो, तिथनं गाडीनं सातारा. तर म्हणलं, थांब, केतीला रिंग देतो. भर दुपारी माझ्यासमोर चार-पाच बारी दिली. तुमची न् त्यांची खूण व्हती म्हणं.”

“होती,” केतकी म्हणाली.

वसतिगृहापासूनची खूण होती ती. दिवेलागणीच्या दोन रिंगा म्हणजे मी बरा आहे. अवेळी रिंगांवर रिंगा आल्या, तर असशील तशी निघ. दोन्हीला तिचं उत्तर एकच, उलटी एक रिंग. तिची आई गेली तेव्हा आबांनी असंच बोलावलं होतं, आणि ती परीक्षेतून उठून गेली होती.

“मग सांच्याला तुमची रिंग आली,” अंकुश म्हणाला.

“माझी?”

“येकदा वाजली न् तुटली. मी तिथंच बसलोवतो, नाव बघितलं म्या. रोजच्याच वक्ताला आली, पर बोलावल्यावर आली न्हवं. आबा दुखणं इसरलं ओ. म्हणलं, निघाली बघ. आता म्या कुठं हालत न्हाई, पोरगी यायची न् घराला कुलूप बघायची. बुधवारी म्या हाताला धरून उठवाय लागलो, तर हात झटकला. यील आता, तिच्या गाडीनं जाऊ. बुधवारी सांच्याला फिरून तुमची रिंग. वाटंत हाय म्हणलं. गुरुवारी दुपारी गेलं.”

रस्त्यावरून गाड्या आवाज न करता जात होत्या. आतल्या आत त्या एकमेकींना वाट विचारत असतील.

“शुक्रवारी दुपारपातूर ठेवलं आबांना,” अंकुश पुढे म्हणाला. “लाँच पल्याडच्या धक्क्याला लावून म्या बसलोवतो, तुम्ही आलात तर खोळंबा नगं म्हणून. शेवटाला जाणती माणसं म्हणली, तिला यायचं न्हाई. उचला.”

“मला फोन का नाही केलास तू?”

“कशाला करू? बोलावलेलं माझ्यासमोर, येते म्हणलेलं माझ्यासमोर. खरं सांगतो ताई, रागानं हात चालला न्हाई.”

“अंकुश, ती रिंग मी दिली नव्हती.”

“मग कुणी दिली?”

केतकीनं तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून दुधाचं उदाहरण बाहेर पडलं. तिला दुसरं काही येतच नव्हतं. रोजचं दूध, सांगावं न लागणं, वेगळं असेल तेवढंच कळवणं. पाहुण्यांना सांगायची तसंच, त्याच क्रमानं. अंकुशनं ते सगळं निमूट ऐकून घेतलं.

“आन् दूध घेणाराच मेला तर?” त्यानं विचारलं.

“त्यानं सांगितलं नाही, तर येत राहतं.”

“दारात.”

“हो.”

“म्हंजी आबांच्या नावानं मिशिनीनं तुम्हाला रिंग दिली, न् तुमच्या नावानं मिशिनीनं आबांना. आन् आबांनी खऱ्या दिल्या त्या?”

“त्या इथवर आल्याच नाहीत. पाचव्यांदा वाजायच्या आत तोडला, तर फोन पुढं जात नाही. पाचव्यांदा वाजू दिला असता तर मला आला असता.”

“आबा कवा दोनाच्या वर वाजवू द्यायचं न्हाईत,” अंकुश म्हणाला. “माझ्यावर वरडायचं, येवढा कशापायी वाजवतोस म्हणून. कुणाचा ह्यो नियम?”

“इथलाच,” केतकी म्हणाली.

अंकुशनं मान वर करून इमारतीकडे पाहिलं. काचा, काचा आणि वर झेंडा. त्यातल्या कुठल्या काचेवर राग धरावा हे त्याला कळेना. केतकीनं त्याला मदत केली नाही.

तिला एक गोष्ट विचारायची होती, आणि विचारायची भीतीही वाटत होती. गेल्या दिवाळीला ती आबांना पुण्याला न्यायला गेली होती. आबा येईनात. लाँच नाही, पाणी नाही, मी काय तुझ्या सातव्या मजल्यावर बसून भिंती मोजू का, म्हणाले. शब्दानं शब्द वाढला, आणि निघताना केतकी म्हणाली होती, “मग राहा इथंच. मला रिंगा देऊ नका, मी पण देणार नाही.” तिनं खरोखरच देणं सोडलं. पण आबांची रिंग दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आली. तिसऱ्या दिवशीही आली. केतकीला मनातून फार बरं वाटलं. म्हातारा नमला, असा तिनं अर्थ लावला. आणि नमला म्हणजे धडधाकट आहे, मग जाऊ सवडीनं, घाई काय. त्या सवडीत वर्ष गेलं. नियम तिनं स्वतः लिहिला होता, हे खरं. पण आपल्या बापाची रिंग नियमात बसते असं कुणाला वाटतं?

“दिवाळीनंतर आबा मला रोज रिंग द्यायचे ना?” तिनं विचारलं. “संध्याकाळी?”

अंकुशनं मानेमागं खाजवलं.

“खोटं कशाला बोलू. न्हाई. तुम्ही गेलात न् आबांनी फोन फळीवर ठेवला तो ठेवलाच. म्हणलं, बघू आधी कोण देतंय. दुसऱ्या दिशी सांच्याला तुमची आली. लई हसलं. म्हणलं, माझ्यावर गेलीय, तोंडानं फाडफाड बोलंल पर राहवायचं न्हाई तिला. तवापासनं दिवं लागलं की फोन फुडं घिऊन बसायचं. तुमची रिंग आली की जेवायचं. सोता न्हाई दिली कवा. म्हणायचं, वाट बघू दे जरा तिलाबी.”

केतकीनं डोळे मिटून घेतले. म्हणजे वर्षभर दोघांपैकी कुणीही कुणाला फोन लावला नव्हता, आणि वर्षभर दोघांचे फोन रोज वाजत होते. ती समजत होती आबा नमले, आबा समजत होते पोरगी नमली. दोघंही आपापल्या जागी खूश होती. खरी शांतता पसरली असती, तर तीन-चार दिवसांत केतकी गाडीत बसली असती. ती स्वतःला ओळखून होती. नाहीतर आबाच लाँच घेऊन अलीकडच्या धक्क्याला आले असते आणि ‘सहज आलोवतो’ म्हणाले असते. त्या अबोल्यात दोघांनी एकमेकांना जे सांगितलं, तेवढं आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं, आणि नेमकं तेच पोचलं नाही. प्रतिजालाला न लावलेला फोन दिसत नव्हता.

“तू इथंच थांब,” ती अंकुशला म्हणाली, आणि वर गेली.

संचालक नंदिनी प्रभुदेसाई या काही वाईट बाई नव्हत्या. त्यांनी उठून दार लावलं, केतकीला पाणी दिलं, तिचा हात धरून सगळं ऐकलं आणि मग जाऊन आपल्या खुर्चीत बसल्या.

“मॅडम, तो नियम काढा,” केतकी म्हणाली. “सगळ्या रिंगा पूर्वीसारख्या वाहू द्या.”

“कशावरून वाहायच्या? ती जागा आपण त्याच वर्षी दवाखान्यांना आणि गाड्यांना देऊन बसलो. आता एका संध्याकाळी कोट्यवधी रिंगा सोडल्या, तर चौकाचौकात गाड्या आपटतील.”

“मग निदान खोट्या रिंगा थांबवा. येणार नसेल तर येऊ नये.”

“तेही करून पाहिलंय.” प्रभुदेसाईंनी चष्मा काढला. “तुला कळवलं नव्हतं. गेल्या वर्षी एका तालुक्यात आठवडाभर थांबवल्या होत्या. काय झालं असेल सांग.”

“काय झालं?”

“लोक घाबरले. आईचा फोन आला नाही, वडिलांचा आला नाही. शेकडो माणसं रजा टाकून गावाला पळाली. जाऊन बघतात, तर आई अंगणात शेंगा निवडत बसलेली. सगळ्यांनी आपल्यावर तक्रारी ठोकल्या. विनाकारण गावाला जावं लागलं म्हणून.”

“विनाकारण,” केतकी म्हणाली.

“तक्रारीत तोच शब्द होता. आम्ही रिंगा परत सुरू केल्या आणि तक्रारी थांबल्या. आणि आता हे जाहीर करायचं म्हणजे काय करायचं ते लक्षात घे. घराघरात जाऊन सांगायचं, की काल वाजलेला फोन आमचा होता, तुमच्या आईनं लावला होता की नाही ते आम्हालासुद्धा माहीत नाही. ज्यांची माणसं जिवंत आहेत त्यांनाही सांगायचं. मग कुठल्या रिंगेवर कोण विश्वास ठेवेल?”

हाच मुद्दा केतकीनं स्वतः याहून चांगल्या शब्दांत मांडला असता.

“तुझ्या वडिलांचा नंबर मात्र मी आत्ता काढायला सांगते,” प्रभुदेसाई हळू आवाजात म्हणाल्या. “आज संध्याकाळी तुला त्रास नको.”

“नको,” केतकी म्हणाली. इतक्या चटकन म्हणाली, की तिचं तिलाच नवल वाटलं.

“नको?”

“राहू द्या.”

प्रभुदेसाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “बघितलंस?” त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच केतकीला ते जास्त लागलं.

अंकुश बाकावर तसाच बसून होता. कुणीतरी त्याला चहा आणून दिला होता आणि तो त्यानं घेतला नव्हता. केतकी येताच तो उठला. मघाचा त्याचा राग ओसरला होता आणि त्या जागी दुसरंच काही आलं होतं.

“ताई, म्या जबरदस्तीनं उचलून लाँचीत टाकाय पायजे व्हतं न्हवं?”

“तुझ्यावर आबा चिडले असते.”

“चिडलं असतं, पर असतं तरी.” त्यानं पिशवीची घडी घातली. “गावात काय सांगू? मिशिनीनं घोळ केला म्हणून सांगतो. लोक लई बोलतात तुम्हाला. माझी आईबी बोलली.”

केतकी विचारात पडली. खरं सांगितलं, तर गाव तिला पदरात घेईल. पोरीला निरोपच नव्हता, पोरीचा काय दोष, म्हणतील. दहाव्याला बायका तिच्या गळ्यात पडून रडतील. पण त्याच बायका आबांबद्दलही बोलतील. म्हातारा वर्षभर रोज संध्याकाळी एका लोखंडी टॉवरच्या घंटेवर हसत होता, ती वाजली की जेवायला बसत होता, आणि मरतानाही तिच्याच भरवशावर अंथरुणाला चिकटून राहिला. लोक हळहळतील, मग कुणीतरी हसेल. आबांच्या हाती शेवटी उरलं होतं ते एवढंच, की पोरगी रोज रिंग देते.

“सांग, की रिंग मीच दिली होती,” केतकी म्हणाली.

“आं?”

“रोज मीच द्यायचे. त्या मंगळवारी पण मीच दिली.”

“आन् आला न्हाईत?”

“आले नाही.”

अंकुश तिच्याकडे बघत राहिला. त्याला काय उमजलं आणि काय नाही, कोण जाणे. “दहाव्याला तोंडावर बोलतील,” तो म्हणाला.

“बोलू देत.”

त्यानं मान हलवली आणि तो बसस्टँडच्या दिशेनं चालू लागला. नियम तिचा होता हे केतकीनं त्याला शेवटपर्यंत सांगितलं नाही. जो दोष तिचा नव्हता तो तिनं गावापुढं घेतला, आणि जो तिचा होता तो त्या काचांमध्ये ठेवून घरी गेली.

सातव्या मजल्यावरच्या घरात तिनं आबांचा फोन चार्जरला लावून सुरू केला आणि टेबलावर ठेवला. शेजारी स्वतःचा ठेवला. आबांच्या फोनच्या कडेला डिझेलचे डाग होते. खाली रस्त्यावर दिवे लागू लागले. ती दिवा न लावता बसून राहिली.

सात वाजून गेल्यावर तिचा फोन वाजला. ‘आबा’. दोनदा वाजला आणि तुटला. आबांचा फोन समोर काळा, गप्प पडला होता.

केतकीनं स्वतःचा फोन उचलला. वर्षभरानंतर पहिल्यांदा तिला खरीखुरी उलटी रिंग द्यायची होती. बोट आबांच्या नावावर टेकणार तोच टेबलावरचा आबांचा फोन उजळला. ‘केती’. एकदा वाजला आणि विझला. रोजच्यासारखं दोघांचं बोलून झालं होतं.

तरीही तिनं नावावर बोट ठेवलं. फोन कानाला लावला. कानात रिंग वाजली, स्पष्ट, एकदा. आबांचा फोन हातभर अंतरावर होता आणि त्याला काही कळलं नव्हतं. पाचव्यांदा वाजेपर्यंत थांबलं, की तो वाजणार, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

कानात दुसरी रिंग वाजली, आणि सवयीनं तिनं फोन तोडला.